सांगणारीचं नाव



ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी आपण नांदेड-लातूरचे लोक दरवर्षी इथे जमतो, त्यांच्याशी मी हयातीत चार वेळा बोललो असेन. त्यांची खरी ओळख झाली ती इथल्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतून. दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथकार, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा' हा बोटभर रुंदीचा रकाना. बहुतेक ठिकाणी पुस्तक हरवलं, फाटलं किंवा बाद केलं, एवढ्याचसाठी तो रकाना उघडतो. गुरुजींनी मात्र लोकसाहित्याच्या पुस्तकांपुढे त्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं होतं. शेरे दोनच. 'गाव आहे.' 'गाव नाही.'

मी तेव्हा पदवीला होतो. मला वाटलं, पुस्तक कुठल्या गावाहून आलं ते लिहिलं असेल. पुढे पंचवीसेक वर्षं पुस्तकं विकत घेणं, देणं, शिकवणं यात गेली, तेव्हा कळलं की त्या दोन शब्दांत त्यांनी पुस्तक निवडायची पूर्ण रीत लिहून ठेवली होती. आज मला तिच्याविषयीच बोलायचं आहे.

ग्रंथालयात काम करणाऱ्यांना मार्च महिना माहीत आहे. अनुदानाचा हप्ता आलेला असतो, महिनाअखेरीच्या आत खर्च दाखवायचा असतो, विक्रेत्याचा माणूस खोकी घेऊन दारात उभा असतो. शासनमान्य यादी समोर, सवलतीचा आकडा समोर. कपाटात 398 या ड्युई क्रमांकाखाली लोकसाहित्याची एक फळी. त्या फळीवर अजून चार पुस्तकांची जागा आहे आणि समोर चाळीस पुस्तकं पडलेली आहेत. 'महाराष्ट्राची लोकसंस्कृती', 'आपले सण आणि उत्सव', 'लोकसाहित्य : प्रश्न आणि उत्तरे', 'ग्रामदेवता', 'निवडक ओव्या'. मुखपृष्ठावर नथ घातलेली बाई नाहीतर संबळ. यातली कोणती चार घ्यायची?

मी येळवशीने परीक्षा घेतो. माझं मूळ गाव उदगीरकडचं, त्यामुळे ही परीक्षा मला सोपी जाते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते आणि ज्याला स्वतःचं रान नाही तोही कुणाच्या तरी रानात जेवायला जातो. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करायची, तिच्यात चुना आणि काव लावलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. घरातली बाई डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन बांधाबांधाने येते. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. मग पिकाभोवती फिरत आंबील शिंपडायचं आणि तोंडाने काही शब्द म्हणायचे. त्यांचा अर्थ घरातल्या कुणालाच सांगता येत नाही आणि ते दर चार कोसांवर थोडे बदलतात. संध्याकाळी पेटता टेंभा घेऊन पोरं शिवारातून धावतात.

आता समोरचं पुस्तक उघडायचं आणि येळवस शोधायची. पुष्कळ पुस्तकांत ती सापडत नाही. 'महाराष्ट्राचे सण' असं नाव असलेल्या पुस्तकात हरतालिका तीन पानं, नारळी पौर्णिमा दोन पानं आणि आपल्या दोन-तीन जिल्ह्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शेतसण शून्य. हे झालं की मी पुस्तक बाजूला ठेवतो असं नाही. लेखकाने कोकण चांगलं पाहिलं असेल तर ते कोकणासाठी ठेवण्याजोगं असतं. पण मग त्याचं नाव महाराष्ट्र कसं? हा प्रश्न खरेदी समितीच्या बैठकीत विचारलाच पाहिजे.

काही पुस्तकांत सण सापडतो, पण 'वेळ अमावस्या' या धुतलेल्या नावाने. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण नुकसान कसं होतं ते इथे डोळ्यांना दिसतं. आमच्याकडे बाई 'येळ' म्हणते. लिहिणारा शिकलेला असतो, त्याला 'येळ' म्हणजे 'वेळ' या शब्दाचा अशुद्ध उच्चार वाटतो, म्हणून तो सुधारून घेतो. आणि मग पुढचा लेखक 'वेळ' म्हणजे समय असं धरून त्या सणाचा अर्थ लावत बसतो. पण लातूर-उदगीरच्या पलीकडे बिदर आहे. तिथे याच अमावस्येला 'एळ्ळु अमावास्ये' म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. आपल्या डब्यातली तिळाची पोळी आठवा. आमच्याकडची म्हातारी माणसं वेगळंच सांगतात, की येळ म्हणजे सात, ही सातवी अमावस्या. कानडीत सातला 'एळु' म्हणतात, आणि पेरणीच्या ज्येष्ठापासून मोजलं तर मार्गशीर्षाची अमावस्या सातवी भरते. दोन्ही अर्थांच्या मागे माणसं आहेत, रान आहे, पोळी आहे. 'येळ'चं 'वेळ' केलं की दोन्ही धागे एका पेनाच्या फटक्यात तुटतात. ज्या पुस्तकाने 'येळवस' तशीच ठेवली, हा अर्थ अमुक गावात ऐकला आणि तो तमुक गावात असं लिहिलं, त्याच्यापुढे गुरुजींचा शेरा पडणार : गाव आहे.

गाव असणं म्हणजे तळटीप असणं नव्हे. गाव असणं म्हणजे सांगणारं माणूस पुस्तकात हजर असणं. ते कोण, कुठलं, काय काम करतं, कुणाकडून शिकलं, कधी सांगितलं आणि कुणाला सांगितलं. ओवी सासूच्या समोर एक निघते, माहेरच्या ओसरीवर दुसरी.

ही अपेक्षा जगावेगळी नाही. 1868 साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचं कथांचं पुस्तक निघालं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी मेरी फ्रेअर हिने ते केलं. दौऱ्यावर सोबत अॅना लिबराता डिसूझा नावाची आया होती; तिने दुपारी-संध्याकाळी सांगितलेल्या गोष्टी या मुलीने लिहून घेतल्या. त्या बाईचे पूर्वज लिंगायत, पुढे ख्रिस्ती झालेले. पुस्तकाच्या सुरुवातीला कथांच्या आधी काय आहे? अॅनाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली स्वतःची हकीकत. आजी कशी होती, गोष्टी कुठे ऐकल्या, नवरा कसा गेला, मुलांसाठी काय कष्ट काढले. ती भाषा साहेबाच्या मुलीच्या कानातून आलेली आहे, मालकीण आणि मोलकरीण यांच्यातलं अंतर त्यात आहे, हे सगळं मान्य. तरीही गव्हर्नरच्या घरातल्या पुस्तकात दीडशे वर्षांपूर्वी सांगणारी बाई नावागावासकट पहिल्या पानांवर बसली. जर्मनीत ग्रिम बंधूंनी 1819 च्या आवृत्तीत डोरोथेआ फीमान या कथेकरी बाईचं चित्रच छापलं होतं. आणि आपण आपल्याच आया-मावश्यांच्या ओव्या छापताना खाली 'पारंपरिक' एवढं लिहून मोकळे होतो. हे मला फार लागतं.

आपल्याकडे हे काम झालेलं नाही असं मात्र कुणी समजू नये. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून, पण खेड्यापाड्यांतल्या बायकांना सोबत घेऊन, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गावं हजारावर. त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात वाचता येतात, पुष्कळ ऐकताही येतात. ओवीजवळ गाणारीचं नाव, गाव, तालुका आणि जात यांची नोंद असते. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या आहेत. 'पारंपरिक' म्हणजे राम, सीता आणि तुळस एवढंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या आधी ऐकाव्यात. जात्यावर बसलेल्या बाईला विसावं शतक पुरतं ठाऊक होतं.

आणि रामकथेचं म्हणाल तर तीही पोथीतली नाही. आपल्या भागाचे डॉ. ना. गो. नांदापूरकर, म्हणजे नरहर कुरुंदकरांचे मामा, यांनी बायकांच्या ओव्या जमवून 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' उभी केली. 'स्त्रीरचित' हा शब्द पाहा. 'लोक' म्हणून सोडून दिलं नाही. रचणाऱ्या बायका आहेत असं शीर्षकातच सांगून टाकलं. साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'मध्ये ओव्यांचा केवढा खजिना आहे! तिथे ओव्या विषयवार लागल्या आहेत, आणि विषयात बाई विरघळून जाते. तरी ते पुस्तक फळीवर हवंच, कारण त्या प्रेमाने दुसऱ्या कुणी त्या काळात ओवी हातात घेतली नाही. मी ते काढून टाका म्हणणार नाही. त्याच्या शेजारी गाव असलेलं एक पुस्तक ठेवा, म्हणजे वाचणाऱ्या मुलीला फरक आपोआप कळेल.

विद्यार्थी विचारतात, सर, दुर्गाबाई घेऊ की मांडे? दुर्गा भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' 1956 ची. मराठीत या शास्त्राचा नकाशा त्या पुस्तकाने काढला आणि जगात काय चाललं आहे ते इथे आणलं. प्रभाकर मांडे यांचं 'लोकसाहित्याचे स्वरूप' महाविद्यालयांत लागतं म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं खरं मोठेपण मला 'गावगाड्याबाहेर' आणि 'मांग आणि त्यांचे मागते' या पुस्तकांत दिसतं. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांत या दोन पुस्तकांचा पुरेसा उल्लेख नव्हता याची मला खंत वाटली. डक्कलवार मांगांच्या दारी येतो, त्यांची पुराणकथा आणि वंशावळ सांगतो, आणि त्याचा मागण्याचा हक्क तेवढ्याच घरांवर असतो. ही व्यवस्था गावाच्या वेशीबाहेर जाऊन, पालावर बसून ऐकल्याशिवाय कळतच नाही. तेव्हा माझं उत्तर असं : शास्त्राचं एक पुस्तक पुरे, दुर्गाबाईंचं घ्या. मांड्यांचं मात्र परीक्षेपुरतं घेऊ नका, गावगाड्याबाहेरचं घ्या. आणि प्रश्नोत्तरांची मार्गदर्शकं विद्यार्थी स्वतःच्या पैशाने घेतीलच. अनुदानाचा रुपया त्यावर जाऊ नये.

रा. चिं. ढेरे यांच्याविषयी निराळं बोलावं लागतं. माहूरला गेलेला प्रत्येक माणूस रेणुकेचं ते शेंदूर माखलेलं भव्य मुख पाहून येतो. धड नाही, फक्त मुख. का, असं विचारलं की परशुरामाची कथा सांगितली जाते आणि आपण हात जोडून पायऱ्या उतरतो. ढेऱ्यांची 'लज्जागौरी' वाचली की तोच प्रश्न भलत्याच खोलीवर जातो. रेणुका-यल्लम्मापासून गोव्याच्या सांतेरीपर्यंत वारुळाचा, मातीचा, जन्म देणाऱ्या भूमीचा धागा ते दाखवतात. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'ला 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण नांदेडच्या वाचकाने 'लज्जागौरी'पासून आणि लातूरच्या वाचकाने 'श्रीतुळजाभवानी'पासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. घराजवळच्या देवीपासून. मात्र ढेऱ्यांचा मोठा आधार ग्रंथ, शिलालेख, स्थळपुराणं यांचा आहे. माळेगावच्या जत्रेत खंडोबासमोर उभी राहणारी मुरळी स्वतःविषयी काय म्हणते, हे तिच्याच तोंडून ऐकायचं तर वेगळं पुस्तक लागतं. एका पुस्तकाकडून दुसऱ्याचं काम मागू नये.

गाव असलेलं पुस्तक कधी कधी भलत्याच नावाखाली लपलेलं असतं. किनवटची गोष्ट घ्या. तिथल्या गोंडांविषयी, त्यांच्या दंडारीविषयी, किंगरी वाजवत देवांच्या कथा गाणाऱ्या परधानांविषयी मराठीत मागितलं तर हातात फार थोडं येतं. पण 1948 मध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे जाडजूड इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. नांदेडचा माणूस नाव वाचून म्हणतो, आदिलाबाद म्हणजे तेलंगण, आपल्याला काय करायचं? पण किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. 1956 ला राज्यं नव्याने आखली तेव्हा ते नांदेडला जोडलं गेलं. माणसं, देव, परधान जिथल्या तिथे राहिले, कागदावरची रेघ हलली. म्हणून यादी करताना आजचा जिल्हा पाहून भागत नाही. जुना निजामी नकाशा उघडावा लागतो. देगलूर, बिलोली, धर्माबादसाठी तेलुगूकडे आणि उदगीर, देवणी, निलंग्यासाठी कानडीकडे कान ठेवावा लागतो. मराठीसकट या तिन्ही भाषा येणारा एक तरी माणूस प्रत्येक खरेदी समितीवर असावा असं मला मनापासून वाटतं, आणि असा माणूस आपल्याकडे दर गल्लीत आहे. तो समितीवर नसतो, एवढंच.

निजामाच्या राज्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. 1920 मध्ये सय्यद सिराज-उल-हसन यांचं निजामाच्या मुलखातल्या जाती-जमातींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. जातवार प्रकरणं, लग्नाच्या चाली, देव, अंत्यविधी. त्यात माहिती आहे, आणि ती आज दुसरीकडे मिळणार नाही. पण त्या जातकुळीची पुस्तकं जात बाहेरून मोजतात, कचेरीत बसून. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे कितीतरी जमाती जन्मतःच चोर ठरवल्या, त्या काळाची ती नजर आहे. तो कायदा 1952 ला उठला. 1987 साली अशाच एका जमातीतल्या, लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली. ग्रंथालयात ते 'आत्मचरित्र' या फळीवर असतं. माझी विनंती आहे की त्याची दुसरी प्रत घ्या आणि ती 398 वर, त्या जातवार माहितीच्या पुस्तकांच्या शेजारी ठेवा. घरात काय शिजत होतं, पोलीस आले की आजी काय करत होती, देवाला काय बोललं जायचं, हे तिथे आतून आलेलं आहे. लोकसंस्कृती म्हणजे नुसती सणासुदीची रांगोळी असा समज असलेल्या वाचकाला हे शेजार उपयोगी पडेल.

पुस्तकावरचं वर्षही पाहावं. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं झोपली आणि 30 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा आणि उमरगा भागातली कितीतरी गावं नंतर नव्या जागी वसली. सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुन्या गावाला वेस होती, वेशीला मारुती होता, बाहेर मरीआई होती, आणि कुणाचं घर कुठे यात सगळा इतिहास होता. नव्या आखणीत मरीआई कुठे बसली, कुणी बसवली, जुन्या पांढरीवर अजून कोण नारळ फोडायला जातं? भूकंपाआधीचं वर्णन नंतरच्या पुस्तकात जसंच्या तसं उतरवलेलं दिसलं की ते मी घेत नाही. लेखक तिथे गेलेलाच नाही.

शेवटी माझ्याकडची एक वही. पदवीला असताना मी सुट्टीत आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या. दोनशे पानी वही, जवळपास भरलेली. मला तेव्हा फार अभिमान होता. आज ती उघडली की प्रत्येक पानावर माझी चूक दिसते. 'इसरले' होतं तिथे मी 'विसरले' केलं. 'गवू'चा 'गहू' केला. कुणाचंही नाव लिहिलं नाही. एका म्हातारीला विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, "माजं नाव कशाला रं लेकरा, गानं जात्याचं हाय." मला ते इतकं सुंदर वाटलं की मी तेच वाक्य वहीत लिहिलं आणि नाव विचारायचं सोडून दिलं. ती नम्रपणे बोलली होती. माझा आळस त्या नम्रतेच्या आडोशाला बसला.

गेल्या येळवशीला ती वही घेऊन मी त्या घरच्या रानात गेलो. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. कोपीसमोर तिची नात भज्जी वाढत होती. उदगीरला शिक्षिका आहे. जेवणं झाल्यावर मी एकेक ओवी वाचायला लागलो. पहिल्या काहींना ती मान हलवून नाही म्हणाली. मग एका ओवीला तिने हात वर केला. "काका, आज्जी असं न्हाई म्हणायची," म्हणाली, आणि तिने तीच ओवी चालीवर म्हणून दाखवली. मी सुधारलेले दोन शब्द परत जागेवर गेले आणि त्यातला एक शब्द मराठी नव्हताच. अशा चार ओव्या निघाल्या. मी खाली नाव लिहायला घेतलं. तिने नाव सांगितलं, मी लिहिलं, आणि पुढे गावाचं नाव लिहायला लागलो तशी ती म्हणाली, "काका, हितलं लिहू नका. ही गानी तिच्या माहेराची, बिदरकडच्या भालकीची. हितं ती तेरा वर्षांची होऊन आली."

मी दोन्ही गावं लिहिली.